योनाच्या नावाचं वरण

संपूर्ण वऱ्हाडात तुरीची डाळ आणि ईश्वरी कृपा यांचा परस्परसंबंध माझ्या मामीइतका दुसऱ्या कोणालाही कळला नव्हता, असे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. विधान केले की पुरावा द्यावा, असे मी आयुष्यभर वर्गात सांगत आलो. तेव्हा येथेही तो क्रमाने देणे मला भाग आहे. दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वी काही वर्षे माझी पहिली नेमणूक मेडशीच्या अलीकडे एका खेड्यात, मिशनच्या प्राथमिक शाळेत झाली. माझे आईवडील मी लहान असतानाच वारले होते. मामा त्याच गावी सुतारकाम करीत, म्हणून त्यांच्याच घरी माझ्या राहण्याजेवणाची सोय झाली. मामा मोजके बोलत आणि मोजून रंधा मारीत. त्यांना चार मुले होती: थोरली रूथ, तिच्या पाठचा शमुवेल, मग योना आणि शेंडेफळ मार्था. मामीला अक्षरओळख नव्हती आणि घरात घड्याळ नव्हते. पण तिचे त्यावाचून कधी अडले नाही. कारण कोणता पदार्थ किती वेळ शिजवायचा, हे ती मुलांसाठी करायच्या प्रार्थनांनी मोजत असे.

पद्धत अशी होती. भांडे चुलीवर चढले की मामी डोक्यावर पदर घेई, हात जोडी आणि त्या पदार्थाशी ज्या अपत्याचे नाव जोडलेले असेल त्याच्यासाठी देवाशी बोलू लागे. ‘आमेन’ म्हटले की भांडे खाली. कोणाच्या वाट्याला कोणता पदार्थ, हे लहरीवर ठरलेले नव्हते. त्यामागे दीर्घ निरीक्षण होते. रूथ शहाणी आणि नीटनेटकी. तिच्याविषयी देवाला कळवण्यासारखे फारसे काही नसल्यामुळे तिच्याकडे पापड आला होता. “बापा, रूथले अशीच ठेव, आमेन,” एवढ्या अवधीत पापड दोन्ही अंगांनी भाजून निघे. मार्थाला पडण्याची, सांडण्याची आणि मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालण्याची सवय होती. तिच्या नावावर वांगे भाजले जाई आणि वांगे चार वेळा फिरवावे लागते म्हणून तिचे दोषही चार भागांत सांगितले जात. शमुवेलची छाती नाजूक आणि परीक्षा सदैव जवळ आलेली. त्याची प्रार्थना भाताची. योनाकडे मात्र तुरीची डाळ होती. बायबलातला योना देवाचा हुकूम ऐकून नेमका उलट्या दिशेने पळाला होता, ही गोष्ट मुलाचे नाव ठेवताना मामांच्या ध्यानात कशी आली नाही, हे मला कधीच उमगले नाही. तुरीची डाळ पुरती गळेपर्यंत चालेल एवढी सामग्री तो पोरगा एकटा, कोणाचीही मदत न घेता, दररोज पुरवीत असे.

ही प्रार्थना पुस्तकी मराठीत नसे. मामी देवाशी तीच भाषा बोले, जी ती माळणीशी बोले. “बापा, तुले तर मालूमच हाय, या पोट्ट्यानं काल काय केलं ते. त्याच्या डोस्क्यात जरा उजेड पाड, आन त्याचा... थांब जरा, हळद राह्यली.” देव थांबत असावा, कारण हळद टाकून झाली की मामी वाक्य नेमके सोडले होते तेथूनच उचली, आणि तिच्या वाक्यरचनेत मला कधी दोष काढता आला नाही. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटावेत, ही आमच्याकडची शिस्त. दूध तापत असताना मात्र मामीचा डावा डोळा उघडा असे. हे मी एकदा शिक्षकी स्वरात तिच्या निदर्शनास आणले. “देवाले मिटलेले डोये आवडते, मास्तर,” ती म्हणाली, “दुधाले नाही.” मी तिचा सख्खा भाचा, पण नोकरी लागल्याच्या दिवसापासून तिने मला ‘मास्तर’ आणि ‘तुमी’ म्हणायला सुरुवात केली होती, आणि त्यात आदर किती व थट्टा किती, याचा हिशेब मी शेवटपर्यंत करू शकलो नाही.

तिची ही रीत गावाच्या चांगली अंगवळणी पडली होती. मळ्यातली माळीण टोपली दारात उतरवीत विचारी, “काय वो बाई, आज माह्यं वांगं कोनाच्या कामी येनार?”

“मार्थीच्या. काल तिनं माठ फोडला.”

“नवा माठ? मंग हे मोठं घ्या. लहान वांगं पुरनार नाही तिले.”

पावसाळ्यात लाकडे ओली आणि आच मंद असे. घरच्या चार लेकरांत काहीच शिजेना झाले की मामी शेजारची लेकरे घेई. भिंतीपलीकडे एक पिंजारी कुटुंब राहत होते. त्यांचा रशीद नावाचा मुलगा योनाचा प्रत्येक उद्योगातला भागीदार होता. एकदा त्याची आई, जिला आम्ही सगळे चाची म्हणत असू, भिंतीवरून डोकावून म्हणाली, “भाभी, आज हमारे रशीद का नाम लिया क्या? सुबह से चुपचाप बैठा है.”

“घेतलं ना,” मामी म्हणाली. “हरबरे होते.”

“फिर कल भी हरबरे बनाओ!” चाचीने तळमळीने सुचवले.

एके रविवारी पाळकसाहेब आमच्याकडे जेवायला आले. वरणाची वाटी दोनदा रिकामी करून त्यांनी विचारले, “बाई, डाळ इतकी एकजीव कशी होते हो? तुम्ही त्यात घालता तरी काय?”

“मी काय घालीन, साहेब? योनानं परवा तुमच्या मिशनच्या देवळाच्या घंटीची दोरी कापून त्याच्यानं बकरी बांधली. त्याचंच हे वरन हाय.”

त्या दोरीचा शोध पाळकसाहेब दोन दिवस घेत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली, काही काळ क्षमेच्या तत्त्वावर विचार केला आणि वाटी पुन्हा उचलली.

या व्यवस्थेतील एकमेव दोष माझ्यामुळे उघडकीस आला. व्रात्य मुलाला जबाबदारी दिली की तो सुधारतो, असे आम्हाला अध्यापनाच्या वर्गात शिकवले होते. मी योनाला वर्गनायक केले. शास्त्र खरे ठरले. तो वेळेवर येऊ लागला, फळा पुसू लागला, दुसऱ्यांच्या भांडणांत निवाडे देऊ लागला. पहिल्या आठवड्यात मामीने आनंदाने डोळे पुसले. दुसऱ्या आठवड्यात वरणातली डाळ दातांखाली येऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात ती ताटात घरंगळू लागली; कारण योनाविषयी देवाला सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते, आणि नसलेला गुन्हा केवळ डाळीसाठी देवाच्या कानावर घालणे मामीच्या तत्त्वात बसत नव्हते. अखेर एका दुपारी मामांनी घास गालात फिरवीत मुलाकडे करुण दृष्टीने पाहिले.

“योना, बाबू,” ते म्हणाले, “एखादं कवेलू तरी फोड.”

आज्ञाधारकपणाच्या त्या काळात योनाने बापाचा हा शब्दही खाली पडू दिला नाही. त्याने शाळेच्या छपराची कवेले फोडली. मी त्याला वर्गनायकपदावरून काढले आणि त्या दिवशी वरण असे उतरले, की मी शिक्षा सुनावली ती बोटे चाटीत.

तरीही माझे पद्धतशीर मन स्वस्थ बसेना. मी वाशीमच्या बाजारातून एक गजराचे घड्याळ आणले, आठवडाभर चुलीपाशी बसून प्रत्येक प्रार्थनेची मिनिटे वहीत टिपली आणि त्यांचा तक्ता करून मामीला समजावून सांगितला. तिने घड्याळ कानाशी धरून लक्षपूर्वक ऐकले.

“हे कोनाचं नाव घेते?”

“कोणाचेच नाही, मामी. ते फक्त वेळ मोजते.”

“अरे बाप्पा! मंग बिचारं रिकामंच चालून राह्यलं.” आणि तिने ते लोणच्याच्या बरणीवर, झाकणाला वजन म्हणून, पालथे घातले. मार्था त्याला रोज किल्ली देई, म्हणून तेथे ते अनेक वर्षे टिकटिकत राहिले. पराभवाच्या त्या क्षणी मी सहज विचारले, “मामी, माझ्या नावाचे काय शिजते?”

तिने मला पायांपासून टोपीपर्यंत न्याहाळले. “तुमी कोनाचं वाकडं करत नाही, कुठं जात नाही, येत नाही. तुमी म्हनजे ताक, मास्तर. तुमाले शिजवायले कायले पाह्यजे?” मार्था इतकी हसली की तिच्या हातातला पेला पडला, आणि वांग्याची सोय झाली. मीही हसलो, पण पेलाभर वाईट वाटलेच.

युद्ध सुरू झाल्यानंतर दुसऱ्या वर्षी, वयात आलेला योना एके दिवशी अकोल्याला गेला आणि फौजेत लॉरी चालवायला भरती होऊनच परतला. निघताना मामीने त्याला शिव्या व शिदोरी दोन्ही भरपूर दिल्या. पहिले काही महिने त्याची पत्रे येत. ती मी वाचून दाखवी. पुढे त्याची तुकडी समुद्रापार गेली आणि पत्रे थांबली. एक महिना गेला, दोन गेले, पाच गेले. मामीने कोणापाशी तक्रार केली नाही. फक्त वरण करपू लागले. प्रार्थना लांबत होती आणि आमेन येत नव्हते. आधी डाळ तळाला लागे, मग काळी पडू लागली, मग करपल्याचा वास पिंजाऱ्यांच्या अंगणापर्यंत जाऊ लागला. चाचीने आता भिंतीवरून हाक मारणे सोडले होते. मामी विचारी, “लागलं काय थोडं?” मामा म्हणत, “नाही. धुराचा वास बरा लागते.” शमुवेल मान खाली घालून कालवी. मार्थाच्या हातून त्या दिवसांत काहीही पडले नाही.

मग उन्हाळ्यात एके दिवशी, सकाळची शाळा आटोपून मी घरी आलो, तर घरात करपल्याचा वास नव्हता. आम्ही जेवायला बसलो. मामीने वरण वाढले. मी पहिला घास घेतला आणि डाळ दातांखाली कडकन फुटली. ती कच्ची होती. सुधारणेच्या त्या तिसऱ्या आठवड्यातही नव्हती इतकी कच्ची. सगळ्यांचे हात थांबले. मी मनाशी पर्याय मांडले. मामीची प्रार्थना दोनच कारणांनी आखूड होऊ शकत होती, आणि त्यांतले दुसरे माझ्याने मनातही पुरते उच्चारवेना. मामांचा चेहरा पांढरा पडला होता.

“रूथच्या माय,” ते हळूच म्हणाले, “आज नाव नाही घेतलं का त्याचं?”

“घेतलं ना,” मामी म्हणाली. “पन मागायले वेळ लागते. आभाराले किती लागन?” तिने उठून डाळीच्या डब्यात हात घातला आणि एक पाकीट काढून माझ्यापुढे धरले. “डाकवाला सकाळीच देऊन गेला. मले वाचता नाही येत, पन हे कोंबडीचे पाय कोनाचे ते समजते. म्हटलं, सगळे सोबत असले की वाचू.”

ते कोंबडीचे पाय मीच चार वर्षे सुधारण्याचा प्रयत्न केला होता. ओळखायला मला क्षणही लागला नाही. मी आधी तारीख पाहिली. पत्र अलीकडचे होते. योनाचा पाय मोडला होता, तो बरेच महिने इस्पितळात होता, आता लंगडत का होईना चालत होता. शेवटी लिहिले होते: ‘येथील डाळ फार कच्ची असते. आमच्या भटाऱ्याला मुलेबाळे नसावीत.’

ही ओळ मी दोनदा वाचून दाखवली, हे मी नोंदवून ठेवतो. मामांनी आपली वाटी पुढे सरकवली. “वाढ अजून,” ते म्हणाले. ती कच्ची डाळ आम्ही भांडे पुसून खाल्ली. इतके चविष्ट वरण त्या घरात कधी झाले नाही, यावर आम्हा सर्वांचे एकमत होते. पोटे दुखली ती नंतर.

योना युद्ध संपल्यावर परतला. त्याआधीच माझी बदली खानदेशात झाली होती. बदलीनंतर दोन वर्षांनी नाताळच्या सुट्टीत मी गावी गेलो. पंगतीत मामीने मला कढी वाढली. आमच्याकडे कढी सहसा होत नसे, म्हणून मी मार्थाकडे पाहिले.

“दादा, दोन वर्षं झाले, घरात ताक कोनाले भेटत नाही,” ती म्हणाली. “रोज कढीच. आन ढवळता ढवळता माय बोलतच राह्यते.”

मी मामीकडे पाहिले. ती चुलीतले लाकूड उगाचच आत-बाहेर करीत होती. “काय करता?” ती म्हणाली. “तुमी दूर गेले ना, मास्तर.”

मामी जाऊन आता बरीच वर्षे झाली. मी सेवानिवृत्त आहे, एकटा राहतो आणि स्वयंपाक स्वतः करतो. लोणच्याच्या बरणीवरचे ते घड्याळ मार्थाने मला आणून दिले. ते अजूनही बरोबर चालते. त्याच्याकडे पाहत मी मिनिटे मोजून कढी करतो आणि ती दर वेळी फुटते. परवा मी ते पालथे घातले, हातात पळी घेतली आणि योनाच्या नावापासून सुरुवात केली.