आधी गाडी कोण चालू करणार?

यंग्सटाउनच्या ब्रायर हिल टेकडीवर कुणी कधी काही पाहिलेलं नसतं. ही इथली जुनी रीत आहे. भर सकाळी चावी फिरवताच लुई मस्कारा आपल्या गाडीसकट उडाला, समोरच्या घरांच्या काचा फुटल्या, भिंतींवरचे बाप्तिस्म्याचे फोटो खाली आले. पण पोलीस विचारायला आले तेव्हा गल्लीतली प्रत्येक बाई म्हणे नेमकी स्वयंपाकघरात होती, आणि प्रत्येकीचं काहीतरी उतू जात होतं. त्यातली सगळ्यांत ठाम होती मार्गी कोव्हाच. "मी स्वयंपाकघरात होते, साहेब," ती म्हणाली. खिडकीच्या काचेचा चुरा तेव्हा तिच्या केसांत चमकत होता. साहेबांनीही तो पाहिला नाही. साहेबसुद्धा यंग्सटाउनचेच होते.

मार्गीच्या समोरच्या घरात अदेलिना पेत्रेला राहायची. अजूनही राहते. त्या सकाळी ती पंचविशीतली होती, कडेवर लेक लोरेटा, आणि तिचा नवरा सावेरियो दाढीचा फेस तसाच गालावर ठेवून खिडकीशी उभा होता. लुई बारमधल्या खेळाच्या यंत्रांचे पैसे गोळा करायचा आणि सावेरियो तीच यंत्रं दुरुस्त करायचा. यंत्रं कुणाची, हे विचारायचं नसे. त्यांच्यावरून क्लीव्हलंडवाले आणि पिट्सबर्गवाले टोळीबाज एकमेकांच्या जिवावर उठले होते, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सावेरियोकडे होता फक्त एक पान्ह्यांचा डबा. पण बाँब लावणारा कुठे विचारतो, बाबा रे, तू पैसे गोळा करतोस की स्क्रू पिळतोस?

त्या काळात गावात एक विनोद फिरायचा. कुणी जास्त बोलायला लागला की म्हणायचे, "काय रे, गाडीचं सर्व्हिसिंग करून देऊ का?" आणि सगळे हसायचे. भीती वाटली की हसायचं, हीदेखील इथली रीतच.

अदेलिना हसली नाही. लुईला पुरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने नवऱ्याला सांगून टाकलं, "उद्यापासून गाडी मी चालू करून ठेवत जाईन. इंजिन गार असतं, तुला सकाळी खोकला येतो. मी तापवून ठेवते."

"बरं," सावेरियो म्हणाला.

झालं, ठरलं. टेकडीखालून पोलादाच्या कारखान्याची मालगाडी पहाटे जायची. ती जाताना घरंच्या घरं थरथरायची, पण गल्लीतले लोक तिला इतके सरावलेले की कुणाची कूसही बदलत नसे. ती गेली की थोड्या वेळाने अदेलिनाच्या उशीखालचं घड्याळ वाजायचं. डोळे उघडण्याआधीच सावेरियोचे पाय तिला लागायचे. बर्फाचे गोळे नुसते! दोन दोन गोधड्या पांघरून झोपलेल्या माणसाचे पाय इतके गार कसे असू शकतात, हे तिला कधी कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, काहींचं रक्त पायांपर्यंत पोचत नाही. अदेलिना म्हणायची, याचं रक्तसुद्धा आळशी.

"सरक तिकडे!" ती ओरडायची. "मढ्याचे पाय बरे तुझ्यापेक्षा!"

सावेरियो झोपेतच पलंगाच्या कडेला सरकायचा. मग ती उठायची, रात्रीच्या झग्यावर कोट चढवायची, पोरीच्या कपाळावरून हात फिरवायची आणि बाहेर जायची. मार्गीचं मांजर गाडीच्या बॉनेटवर मुटकुळं करून बसलेलं असे. मेल्याला सगळी गल्ली सोडून हीच गाडी सापडायची! त्याचा जीव कशाला घालवायचा म्हणून ती आधी त्याला हाकलून लावायची. मग आत बसायची, छातीवर क्रूसाची खूण करायची, एक पाय दाराबाहेर ठेवायची, जणू तेवढ्याने वाचणार होती, आणि डोळे मिटून चावी फिरवायची.

गाडी पहिल्या फटक्यात चालू व्हायची. भर जानेवारीत, आजूबाजूच्या गाड्या खोकून खोकून मरत असताना पेत्रेलांची गाडी एका चावीत. अदेलिनाला त्याचा भारी अभिमान होता. नवऱ्याचा हातच तसा होता.

हे कितीतरी वर्षं चाललं. जुलैच्या उकाड्यातसुद्धा ती इंजिन "तापवायला" जायची. यंत्रं खोलण्यात हयात गेलेला माणूस, पण त्याने कधी विचारलं नाही की उन्हाळ्यात इंजिन कशाला तापवायचं. उलट एकदा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बरोबर आहे. इंजिनाला सवय लागलेली बरी." अदेलिनाला वाटलं, भोळा आहे बिचारा. त्या भोळेपणावर तिने फार जीव लावला. आपण याला राखतो आहोत आणि याला पत्ताही नाही, हेच तिचं सुख होतं. नवऱ्याशी भांडण झालं, की ती मनात म्हणायची, बोल बाबा काय बोलायचं ते, तुझा जीव माझ्या मुठीत आहे.

पुढे कारखाने बंद पडले, टोळीवाले काही तुरुंगात गेले, काही म्हातारे होऊन फ्लॉरिडाला गेले. सावेरियो शाळेत देखभालीच्या कामाला लागला. मालगाडी थांबली तशी अदेलिनाची चावीही थांबली. काही वर्षांपूर्वी सावेरियो झोपेतच गेला. टेकडीवरच्या दफनभूमीत दोघांचा मिळून एकच दगड आहे. त्याच्या नावाशेजारी तिचंही नाव कोरून ठेवलंय, फक्त शेवटची तारीख तेवढी कोरी आहे. दर रविवारी ती त्या दगडाशी जाऊन नवऱ्याला आठवड्याच्या बातम्या द्यायची.

मग गेल्या हिवाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये जुन्या आठवणींची संध्याकाळ झाली. हल्ली लोकांना या टोळ्यांचं भलतंच कौतुक. ज्यांनी तेव्हा काहीच पाहिलं नव्हतं, त्यांना आता सगळं आठवतं, तेही माइकसमोर. मार्गीचे गुडघे धरले होते, ती आली नाही. अदेलिना पुढच्या रांगेत बसली होती. आणि तिचा दीर ऑगी, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, तो माइकपाशी जाऊन उभा राहिला.

"आमचा सावेरियो तुम्हाला भोळा वाटायचा ना?" ऑगी म्हणाला. "अहो, कसला भोळा! मला एकदा म्हणाला, ऑगी, अदेलिना रोज गाडी चालू करते. म्हणते इंजिन तापवते. मला काय कळत नाही ती काय तापवते? आणि पठ्ठ्या पांघरूण डोक्यावर घेऊन आत! म्हणजे बाँब लागलाच तर बायको जाईल, दुसरी करता येईल!"

हॉल हसून हसून लोळला. कुणीतरी अदेलिनाच्या पाठीवर थोपटलं. तीही हसली, कारण चारचौघांत दुसरं काय करणार? पण घरी येऊन ती कोट न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिली.

त्याला ठाऊक होतं. एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. ठाऊक होतं, आणि तो पडून राहिला. आपण एक पाय दाराबाहेर ठेवून देवाचा धावा करत होतो तेव्हा हा माणूस जागा होता, आणि चावी फिरण्याची वाट पाहत होता. त्या एका संध्याकाळीत तिचा अख्खा संसार तिला परका झाला. जिवंत असता तर भांडली असती, ताटं आपटली असती. मेलेल्या माणसाशी कसं भांडणार? तिने रविवारी दफनभूमीत जाणं सोडलं. आणि वसंत लागला तशी लोरेटाला बोलावून म्हणाली, "मला त्याच्याशेजारी पुरू नकोस. माझ्या बहिणीजवळ जागा बघ. आणि दगडावरचं नाव खरवडून घे."

"मा, तुला बरं आहे ना?" लोरेटा म्हणाली.

"बरं आहे म्हणूनच सांगते. नंतर सांगता येणार नाही."

"अगं, पण झालं काय?"

"काही नाही झालं. जागा बघ."

लोरेटाने मनाविरुद्ध दगड कोरणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सोमवारी येतो.

त्या आठवड्यात अदेलिनाच्या नातीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नात केक कसा होता हे कुणी विचारत नाही; बिस्किटांचं टेबल किती लांब होतं, हे विचारतात. दोन्हीकडच्या आया, मावश्या, शेजारणी महिनाभर भट्टीसमोर घाम गाळतात. शुक्रवारी मार्गी काठी टेकत समोरून आली, अक्रोड भरून गुंडाळायच्या कोलाची बिस्किटांचं मळलेलं पीठ पोटाशी धरून. अदेलिना साच्यात पित्सेले भाजत होती, पापडासारखी पातळ, नक्षीची बिस्किटं.

"जाळतेस तू ती," मार्गी म्हणाली.

"जळू दे."

"नातीचं लग्न आहे की मयत?"

तेव्हा अदेलिनाने सगळं सांगितलं. ऑगी, माइक, हॉलमधलं हसणं, दगड, सोमवार. सांगताना तिने एकदाही मार्गीकडे पाहिलं नाही. साच्यातलं पित्सेले काळं पडलं, तिने ते फेकून दिलं आणि दुसरं घातलं.

"पडून राहिला गं तो," ती म्हणाली. "मला एकदा म्हणाला असता ना, नको जाऊस, तरी मी गेलेच असते. पण म्हणायला हवं होतं त्याने."

मार्गी बराच वेळ पीठ लाटत राहिली. नको इतकं लाटलं तिने ते. मग लाटणं बाजूला ठेवून, एप्रनला हात पुसून, खुर्ची ओढून बसली.

"अदेलिना, आयुष्यभर मला कुणी काही विचारलं की मी स्वयंपाकघरात असते. तुला माहीत आहे."

"सगळ्या गावाला माहीत आहे."

"मी स्वयंपाकघरात नव्हते. माझा नवरा रात्रपाळीवरून यायचा, त्याची वाट बघत मी रोज खिडकीत असायचे." पन्नास वर्षांचं कुलूप, एकदम कसं उघडणार? "तू यायचीस त्याच्या आधी तो यायचा."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझा नवरा! मालगाडी आली की यायचा. तिच्या खडखडाटात तुला ऐकू जाऊ नये म्हणून. अनवाणी यायचा, जिन्यावर चपला वाजतात म्हणून. बर्फ असला तर रबरी बूट, तेही नुसत्या पायांवर. आधी गाडीखाली वाकून बघायचा. मग आत बसायचा, दार लावून घ्यायचा नीट, आणि चालू करायचा. मालगाडी जाईपर्यंत इंजिन चालू ठेवायचा. मग बंद करून पळत घरात. थोड्या वेळाने तू यायचीस आणि माझ्या मांजराला शिव्या द्यायचीस."

अदेलिनाने आता कुठे मार्गीकडे पाहिलं. मांजर. गरम बॉनेट सोडून ते दुसरीकडे कशाला बसेल?

"एकदा मी त्याला गाठलं," मार्गी म्हणाली. "म्हटलं, बायकोला सांगत का नाहीस? घरात नीज म्हणावं, मी बघतो. तर म्हणाला, सांगितलं तर ती माझ्याही आधी उठेल. मग मला तिच्या आधी उठावं लागेल. अशाने आम्ही दोघांनी झोपायचं कधी? आणि शपथ घातली, की तू काही पाहिलं नाहीस. मी म्हटलं, मी तर स्वयंपाकघरात आहे."

साच्यातून धूर यायला लागला. मार्गीनेच उठून तो बंद केला. अदेलिना आपल्या हातांकडे बघत होती. पहिल्या फटक्यात चालू होणारी गाडी. ते पाय. रोज सकाळी ती त्या पायांना लाथेने ढकलत होती, आणि तो मुकाट्याने सरकत होता.

"पाय गार असायचे गं त्याचे," ती कशीबशी म्हणाली, आणि एप्रनमध्ये तोंड घालून रडली. मार्गीने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "आता पुरे. टेबल रिकामं जाईल उद्या," आणि दोघींनी मिळून उरलेलं भाजून काढलं.

लग्न झालं. टेबल दारापासून बँडपर्यंत पोचलं. ऑगीने पित्सेले उचलायला हात घातला तेव्हा अदेलिनाने त्याच्या हातावर चमचा मारला आणि दोन जळकी काढून दिली. "ही तुझी," ती म्हणाली. ऑगीला कळलं नाही, पण त्याने खाल्ली.

सोमवारी दगड कोरणारा छिन्नी-हातोडा घेऊन टेकडीवर आला, तेव्हा अदेलिना त्याच्या आधीच तिथे पोचली होती. लोरेटा गाडीशी उभी होती. म्हातारीने त्या माणसाला येण्याजाण्याचे पैसे आणि डबाभर बिस्किटं दिली आणि म्हणाली, "माझं नाव आहे तिथेच राहू दे."

तो गेल्यावर ती वाकली, दगडाच्या पायथ्याशी, गवत अजून दवाने ओलं होतं तिथे तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. लोरेटाला वाटलं, आई प्रार्थना करते आहे.

"सरकू नकोस आता," अदेलिना म्हणत होती. "आहेस तिथेच राहा. मी येते."