धाकट्याचा न हलणारा ग्लोव्ह

"एक गेलाच आहे, आता दुसराही फोडून घ्या," भावजय म्हणत होती.

"हळू बोल. ताई ऐकेल."

"ऐकू दे. त्यांचे कान तरी शाबूत आहेत."

पलीकडच्या खोलीत मी मटार सोलत होते. धाकट्या भावाचा डावा डोळा गेल्याचं मला कळलं ते असं.

तो पोरींना सॉफ्टबॉल शिकवायचा, त्यातही चेंडू टाकणं. या खेळात हात गरकन फिरवून चेंडू खालून, कमरेजवळून सोडतात. समोर पालथ्या बादलीवर हा ग्लोव्ह धरून बसायचा. "इथे टाक. मी हलवणार नाही." सरळ चेंडू तिथे पडेपर्यंत दुसरं काही नाही. मग संथ चेंडू. तो तळहातात खोल धरायचा, हात मात्र तेवढ्याच जोरात फिरवायचा, म्हणजे बॅट घेतलेली फसते. शेवटी ड्रॉप. सोडताना बोटं चेंडूवरून फिरवली की तो ऐनवेळी खाली बसतो.

आईबाप म्हणायचे, सर फार शिस्तीचे. शिस्त कसली डोंबलाची. चेंडू किती जवळ आलाय ते एका डोळ्याला उमगत नव्हतं, म्हणून पोरींच्या नेमावर तो जीव सोपवून बसायचा. कुणाला कळलं तर मैदान सुटणार, आणि मैदान सुटलं तर हा घरात कुजणार. मी विणकाम घेऊन कडेला बसू लागले. त्या स्वेटरची एक बाही अजून लांब आहे.

लांबुडी म्हणून एक पोर होती, हाताला भलती जोरकस. त्यानं ड्रॉपसाठी ग्लोव्ह गुडघ्याशी धरला. तिची बोटं फिरलीच नाहीत. चेंडू खाली न बसता सरळ त्याच्या खांद्याच्या हाडावर.

"सर, तुम्ही हललाही नाहीत."

"नियम आहे."

"तुम्हाला दिसला नाही." तिनं चेंडू खाली ठेवला, हाताची घडी घातली. "मास्क घालून कॅचर बसू दे. नाहीतर मी टाकणार नाही. घरी सांगणार नाही कुणाला."

"ताईनं फितवलं तुला?"

"त्यांना टाके उसवण्यातून फुरसत कुठंय?"

तो बराच वेळ खांदा चोळत राहिला. मग बादलीवरून उठला.

त्यानंतर तो बाजूला उभा राहून शिकवायचा. मैदान राहिलं, पण काळजीनं जागा बदलली. आता त्याला बादलीच्या जागी चेंडू झेलायला बसणाऱ्या कॅचर पोरीचा घोर. मास्कचा पट्टा जरा सैल वाटला की निघाला चपला शिवणाऱ्याकडे.

ज्या रात्री तो वारला, त्या संध्याकाळीही तिकडे गेला होता. पट्टा शिवून घेतला, स्वतःच्या डोक्याला लावून ओढून पाहिला आणि कॅचरच्या दारात नेऊन दिला.

"सैल वाटला तर उद्या सांग," म्हणाला.