मी कापलेली दोन मिनिटं

दोस्तांनो, आज वर्ध्याच्या सांस्कृतिक केंद्रात आमच्या गोंडी लघुपटांचा कार्यक्रम होता. माझ्या फिल्ममध्ये गाणाऱ्या आजी मागच्या महिन्यात गेल्या. त्यांची मुलगी खास आर्वीहून एसटीनं आली होती.

फिल्म संपली, टाळ्या वाजल्या. ती जवळ येऊन म्हणाली, "दादा, शूटिंगच्या दिवशी गाण्याच्या आधी आईनं घरच्या साऱ्या मेलेल्या माणसाइचे नावं ओळीनं, एकामागून एक घेतले होते. ते काऊन नाई ऐकू आले?"

फिल्म लांबते म्हणून मीच ती दोन मिनिटं कापली होती. लांबते! कोणाला लांबत होती? वर कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करताना मूळ शूटिंगही पुसून टाकलं.

मी तिला खरं सांगितलं. ती रागावलीसुद्धा नाही.

"मले तर अर्धेच पाठ हायेत," म्हणाली. "मंग आता आईचं नाव कोणाच्या नावानंतर घेऊ?"