रविवारच्या बाई

रविवारी शाळा उघडणाऱ्या आणि बाजाराच्या दिवशी तिला कुलूप लावणाऱ्या बाई आमच्या तलासरीकडे आधी कुणी पाहिल्या नव्हत्या. पाड्यात त्यांचं नाव कुणी घेतच नसे. रविवारच्या बाई म्हटलं की पुरे. मी त्या शाळेत खिचडी शिजवायची, तेव्हा हे ऐकीव नाही, चुलीपाशी बसून पाहिलेलं आहे.

दोन हजार चौदाला नाशिककडून आल्या तेव्हा बाई अगदी नियमाच्या होत्या. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी अख्खा पाडा उठून जातो. भाजीचे भारे घ्यायला हात लागतात, धाकटी पोरं घरी कुणावर टाकायची? म्हणून सगळेच जातात. बाई रिकाम्या वर्गात बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पोरांवर चिडायच्या. त्या रागातच त्यांनी पहिल्या वर्षी बदली मागितली. मला म्हणाल्या, "मावशी, इथे माझं काही खरं नाही."

मग एका बाजाराला त्या स्वतःच आल्या. मी कारली घेऊन बसले होते. इकडे तिकडे त्यांचेच विद्यार्थी, कुणी गिऱ्हाईकाला हाका मारतंय, कुणी भावाला कडेवर घेऊन उभं. बाई माझ्या गोणपाटावर टेकल्या, एकेका पोराकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मुलं सगळी इथे आहेत. मग मी तिथे कुणाला शिकवत होते?"

त्याच आठवड्यात उंबराखाली बैठक झाली. बाई म्हणाल्या, बाजाराला सुट्टी आणि रविवारी शाळा, चालेल का? पाड्याचा कारभारी हसून म्हणाला, "बाई, आम्हाला काय, रविवार साहेब लोकांचा." तेव्हापासून तसंच चाललं. बाईंचे यजमान शनिवारी नाशिकहून यायचे आणि रविवारी बिचारे पायरीवर बसून मला लसूण सोलून द्यायचे. "लग्नात कुणी सांगितलं नव्हतं हो मावशी," म्हणायचे, पण सोलायचे नीट.

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. चूक दिसली की स्वतः कधी सांगायच्या नाहीत. "मग कसं, तू सांग," म्हणायच्या आणि थांबायच्या. कितीही वेळ थांबायच्या. मीही अशीच वाचायला शिकले, हातात कालथा आणि डोळा फळ्यावर. एकदा खिचडी खाली लागली तर म्हणाल्या, "पोरं खातील हो, तुम्ही तेवढी ओळ पुरी करा."

पुढे ती हवा आली. कमी पटाच्या शाळा बंद करायच्या, मुलं जवळच्या मोठ्या शाळेत घालायची. मोठी शाळा म्हणे चांगली. असेलही, तिथे टीव्हीवर शिकवतात. पण ती जवळची म्हणायची मोठी शाळा हायवेच्या पलीकडे. अच्छाडच्या नाक्याकडे निघालेले ट्रक तिथे दिवसभर धावतात. आमची शाळा गेली तर पहिलीतली मंजी तो रस्ता कसा ओलांडणार? आम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्यातच तपासणीचे नवे साहेब आले, ते नेमके बाजाराच्या दिवशी. दाराला कुलूप, पाड्यात चिटपाखरू नाही. शाळा चालतच नाही, असं ठरवून गेले. बाईंनी तलासरीला जाऊन त्यांना गाठलं. मी बरोबर होते.

"रविवारी या साहेब, शाळा भरलेली दाखवते."

"रविवारी? घरी बायको काय म्हणेल माझी?"

"त्यांनाही आणा. खिचडी पुरेल."

आणि खरंच आले की दोघं. मुलांनी वाचून दाखवलं, साहेब मान डोलवत राहिले, पण मोठ्या शाळेचं तुणतुणं सोडीनात. बाई वाद घालायला गेल्याच नाहीत. म्हणाल्या, "जेवण झालं की मोठी शाळा बघून येऊ. मंजी वाट दाखवेल."

साहेबांच्या बायकोनं मंजीचा हात धरला. हायवेच्या कडेला आम्ही सगळे उभे. एक ट्रक गेला, दुसरा, मग टँकर. त्या एक पाऊल टाकायच्या आणि मागे यायच्या. मंजीच त्यांना धीर देत होती, "थांब, आता नको." शेवटी त्या वळल्या नि साहेबांना म्हणाल्या, "मलाच जमत नाही, ही रोज कशी जाईल? चला घरी."

साहेब वाटेत एवढंच बोलले, "बघतो काय लिहायचं ते." काय लिहिलं देव जाणे, पण शाळा राहिली. फक्त रविवार गेला. सगळीकडे सुट्टी तेव्हा इथेही सुट्टी, असं ठरलं.

आणि त्याच उन्हाळ्यात बाईंची बदली आली, घराजवळ, नाशिककडे. मागितली होती रागात, मिळाली तेव्हा माया जडलेली. जाताना त्यांनी सोललेल्या लसणाचा डबा माझ्या हातात दिला. "यजमानांची शेवटची सेवा," म्हणाल्या. हसायला गेल्या, पण जमलं नाही.

आता रविवारी शाळेला कुलूप असतं. पायरीला कुठे कुलूप असतं? पोरं सवयीनं येतात, मी चष्मा लावून बसते, गोष्टीचं पुस्तक मोठ्यानं वाचते. परवा मंजीनं या म्हातारीला अडवलं.

"डोकरी, चुकली तू."

मी पुस्तक मिटलं, हात मांडीवर ठेवले. "मग कसं, तू सांग," म्हटलं, आणि थांबले.