वापसदादा

भर उन्हाळ्यात पाठीवर हळदीचं पोतं आणि पायात बर्फातले जाड बूट घालून कुरुंद्याच्या पाण्याच्या टाकीचा जिना चढणारा माणूस मी पाहिला आहे. वर पोचायचा, पोतं न टेकवता खाली यायचा, की पुन्हा वर. आमच्या सपाट काळ्या रानात हिमालयाची तयारी करायची म्हटल्यावर दुसरं काय होतं? पोत्यातली भुकटी घामात कालवून त्याचे खांदे पिवळे होत. टाकीखाली बसलेले म्हातारे विचारत, "काहून रे, हळद तर लागली, वरात कवा हाय?" तो चढता चढता सांगायचा, "नवरी लई उंच हाय बाबा. दमानं चाललो."

त्याचं खरं नाव गाव विसरून गेलं होतं. सगळे त्याला वापसदादा म्हणत आणि ते प्रेमानं म्हणत नव्हते, हे स्पष्टच लिहितो. पहिल्या मोहिमेत शिखर समोर दिसत असताना तो मागे फिरला होता. इकडे गावातल्या तरुण मंडळानं तो निघण्याआधीच ‘शिखरवीराचे हार्दिक अभिनंदन’ असा त्याच्या फोटोचा बॅनर छापून घेतला होता, हलगीवाले सांगून ठेवले होते. बातमी कळली तशी बॅनरची घडी झाली आणि हलगीवाल्यांना येऊ नका म्हणून निरोप गेला. तो वसमतच्या स्टँडवर उतरला तेव्हा ओळखीचा म्हणून मी एकटा होतो, तोही दुसऱ्याच गावी मोर्चाची पत्रकं वाटायला निघालेला. मी तसं सांगून टाकलं. तो हसला. "मग एक दे, पत्रक्या. तेवढाच सत्कार."

त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं काळी पडून कापावी लागली होती. चप्पल घातली की ती उणीव दिसायची. चहाच्या टपरीवर एकजण बोललाच, "बोटं ठिवून आला, पर झेंडा न्हाई ठिवला." बाकीचे हसले. वापसदादानं कपातला चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि टाकीकडे निघून गेला. त्यानंतर तो टपरीवर दिसला नाही.

मागे का फिरलास, हे त्याला नीट विचारणारा बहुधा मीच. मला गावावर चिडून पत्रक लिहायचं होतं, त्यासाठी माहिती हवी होती. तो म्हणाला, "पाय थकले तर डोक्याला कळतं. डोकं थकलं तर कोनाला कळंल? तिथं हवा इतकी इरळ, की डोकंच फितूर होतं. एक पाऊल टाकायचं न् उभं राहून धापा टाकायच्या. समोर दिसतंय, जाऊ म्हनतं डोकं. म्हून परतायची वेळ खालीच ठरवायची, शहाणं असताना. वेळ झाली की फिरायचं. हातभर राहिलं तरी." आणि मग, "चढताना कमी मरतात रे. उतरताना मरतात. सिलिंडर संपलेला असतो, अंगात काय उरलेलं न्हाई, न् माणूस जरा टेकू म्हनून बसतो."

त्याचे वडील मेंढरं राखायचे. ते गेल्यावर घरात तो आणि आई, दोघंच. वडिलांचं एक वाक्य तो नेहमी सांगायचा: "कळप रानात कोनीबी नेतं. सांजच्याला वाड्यात आनतो तो मेंढका."

एका शाळेच्या कार्यक्रमात त्याला तिसऱ्या रांगेत बसवलं. सूत्रसंचालकानं ओळख करून दिली: "जवळजवळ शिखर गाठणारे." एका मुलीनं उठून विचारलं, "मग तुमी वापस काहून आले?" तो म्हणाला, "जेवायला." पोरं हसली, तोही हसला. परतताना मात्र त्यानं माझी मोटरसायकल टाकीपाशीच थांबवायला लावली आणि जिना चढायला लागला.

दुसऱ्या मोहिमेला निघाला तेव्हा स्टँडवर आम्ही दोघंच. मी विचारलं, परतायची वेळ किती ठरवली? तो गाडीच्या पाटीकडे पाहत राहिला. म्हणाला, "या बारीला ते इचारू नको."

तो शिखरावर पोचला. बातमी आली त्याच दुपारी मंडळानं जुन्या बॅनरची घडी उलगडून तो टाकीवर बांधला. फटाके वाजले, हलगी वाजली, टपरीवर फुकट चहा झाला. दुसऱ्या दिवशी कळलं, उतरताना तो बसला. चढताना सोबतचा शेर्पा फिर म्हणून सांगत होता तेव्हा वेळ टळून गेली होती आणि हा म्हणत होता, थोडंच राहिलंय. तो बसल्यावर शेर्पानं त्याला ओढायचा प्रयत्न केला, स्वतःचे हात गोठवून घेतले आणि शेवटी एकटा उतरला.

मंडळानं काय केलं? ‘हार्दिक अभिनंदन’वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची पट्टी चिकटवली. ‘शिखरवीर’ तसंच ठेवलं. फोटो तोच.

मी त्या संध्याकाळी पत्रक लिहिलं: त्याला गावी परत आणा, नाहीतर मोर्चा. ते घेऊन त्याच्या आईकडे गेलो. मावशी चुलीपुढे बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आनायला कोन जानार?"

"माणसं जातात मावशी. पाच-सहा जण लागतात."

"त्याह्यलाबी माय असंल ना रे? कशाला दुसऱ्याची लेकरं तिथं धाडतू. राहू दे त्याला." मग म्हणाली, "तेवढं टाकीवरचं काढ. दारात बसलं की दिसतं. शिखरवीर म्हनं. वापसदादा म्हनायचे तेच बरं व्हतं. त्यात घरी येनं तरी व्हतं."

पत्रक मी तिच्या चुलीत घातलं. मंडळाच्या पोरांना सांगितलं, बॅनर उतरवा. ती एकमेकांकडे बोट दाखवायला लागली. मग मीच जिना चढलो. मोकळ्या पाठीनंही अर्ध्यात धाप लागली. वर कठड्यापाशी उभा राहिलो तर चारी बाजूंना सपाट रान आणि कुठं कुणी नाही. रोज तो एवढंच पाहून खाली येत होता. मी दोऱ्या कापल्या, बॅनर गुंडाळून काखेत घेतला.

खाली मावशी जिन्याच्या पहिल्या पायरीला हात लावून उभी होती.

"दमानं उतर," ती म्हणाली.