अकरा मुठी

मोजपट्टे, हे नाव तुला मी ठेवलं आणि ते चिकटलं, याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. तीस वर्षं बांधकाम खात्यात नकाशे काढलेस. निवृत्त झालीस तरी कुणाच्या घरी गेलीस की आधी दाराची चौकट बघतेस, माणसं मागाहून. ‘दोन सूत खाली आलीय,’ असं माझ्याच घरात मला ऐकवलं आहेस. धाकटी जाऊ म्हणून तू घरात आलीस तेव्हा मी नुकतीच पदवी घेऊन मिरवत होते. मला वाटलं, या मुलीला बोलता येत नाही, नुसतं मोजता येतं. पुढे कळलं, तुला काळजीही करता येते, आणि तिला मात्र मोजमाप नाही.

तुझं स्वयंपाकघर चाळीस वर्षांचं. कपाटांवर तपकिरी रंगाचे थर, ओट्यामागच्या फरशा तेलाने पिवळ्या, आणि दिवा एकच, तोही पाठीमागे. म्हणजे चिरायला घ्यावं त्यावर आपलीच सावली. पुढच्या वर्षी इमारतीचे सगळे नळ बदलायचे होते, भिंती फुटणारच होत्या. खरं मोठं काम तेव्हा. माझा सल्ला सरळ होता, वर्षभर गप्प बस. पण तुला वर्षभर थांबायला सवड नव्हती, आणि त्याचं कारण आपल्या सासूबाई.

वय ब्याण्णव. नजरेच्या मधोमध काळा डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. तरी दुपारी चारचा चहा त्या स्वतःचा स्वतः करायच्या. दिवसभरात तेवढं एकच काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. मग एकदा मनगट भाजलं. भाऊजींनी त्याच दिवशी जाहीर केलं की पुन्हा असं झालं तर आईने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, चालेल, मग मी दर अर्ध्या तासाने तुझ्या बायकोला चहासाठी हाक मारीन. सगळे हसले. तू हसली नाहीस. भाऊजी बोलले की करतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, उजेड वाढवा आणि रंगांत फरक ठेवा. तू लगेच आलेखाच्या कागदावर नकाशा काढलास. कपाटं फिकट, ओट्याची कड गडद, शेगडीची बटणं लाल, फळीखाली दिव्याची पट्टी. बाहेरचा माणूस लावायचा नाही, सगळं घरच्या घरी. घरच्या घरी म्हणजे मी. आठवडाभर मी पॉलिश पेपरने दारं घासली. फुटायच्या घराला कशाला नटवतेस, म्हणून मी कुरकुरले. तू वर न बघता म्हणालीस, “आईंना दिसावं म्हणून. आणि वहिनी, तो कोपरा राहिलाय.”

दारं आणि खण मिळून मुठी अकरा. एकीसारखी दुसरी नाही. मोडेल तशी भाऊजींनी हाताला लागेल ती ठोकलेली. कुठे पितळी कडी, कुठे लाकडी गोळा, कुठे तारेचा आकडा, एका खणाला तर दोऱ्याचं रिकामं रीळ. पाहुणे आले की त्या रिळापुढे तू उभी राहायचीस, ते दिसू नये म्हणून. आता तू मोडीत निघालेल्या मालातून अकरा सारख्या मुठी आणल्यास, पुठ्ठ्याचा साचा कापून भोकं पाडलीस, आणि सगळ्या एका ओळीत अशा बसवल्यास की मलाही नावं ठेवता येईनात. जुन्या मुठींची पिशवी, सोबत जुना नळ, खाली आलेल्या भंगारवाल्याला नेऊन दिला मी. मला पसारा सहन होत नाही.

त्या दिवशी चार वाजता सासूबाई आल्या. उजेड छान पडलाय, म्हणाल्या. हात खणांवरून फिरवला, थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि आज चहा नको म्हणून परत गेल्या. दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, चहाने पोटात जळजळतं. तू दिव्याची पट्टी बदललीस, मग पुन्हा बदललीस. उजेड जास्त होतोय की कमी, असं मला फोनवर दहादा विचारलंस. आवाज इतका खाली गेलेला की मला ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणून डाफरावं लागलं.

चौथ्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन तुझ्या टेबलाशी बसले आणि त्याच्याआडून बघितलं. त्यांचा हात पहिल्या मुठीवर गेला, दुसरीवर, तिसरीवर, पुन्हा पहिलीवर. एक खण त्यांनी उघडला. आत सुऱ्या होत्या. बोटं टेकताच त्यांनी तो आवाज होऊ न देता लोटला. तुला कळू नये म्हणून. मी विचारलं, काय हवंय.

“पितळी कडीच्या शेजारी साखर असायची. ती कडी कुठे ठेवलीत गं तुम्ही?”

तू दारात उभी होतीस. नकाशा आणलास आणि बघत बसलीस. त्यात प्रत्येक खणाची उंची होती, रुंदी होती, ओट्यापासूनचं अंतर होतं. खाली एका ओळीत ‘मूठ, अकरा नग’. बस.

मग तू मुठींना लोकर बांधलीस, रबर लावलेस, एकीच्या लोकरीवर बटण शिवलंस. सासूबाईंनी सगळ्या खुणा नीट चाचपल्या, सून एवढं करतेय म्हणून दोन दिवस पाठही केल्या. मग तुझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “आता तूच करत जा चहा. तुझा चांगला होतो.” तुझा चहा पाणचट असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनाही. भाऊजींना काही बोलावंच लागलं नाही.

तरी तू धीर सोडला नव्हतास. भंगार पंधरा दिवस वखारीत पडून असतं, असं कुणीतरी तुला सांगितलं. वखार पुलापलीकडे, तिथे भंगारवाले चौघं-पाचजण, आणि आपल्याकडे आलेल्याचा चेहरा पाहिलेली मी एकटी. गुरुवारी जाऊ म्हणालीस. गुरुवारी माझा दात ठणकत होता, म्हणून मी सोमवार सांगितला. सोमवारी दात ठणकत नव्हता. वर्षाने सगळंच फुटणार, तर गंजक्या कड्यांसाठी ऊन कशाला खायचं, एवढंच माझ्या मनात होतं. फोन वाजला तो मी घेतला नाही. तू चपला घालून, रिकामी पिशवी घेऊन तासभर माझ्या जिन्यात बसली होतीस, हे शेजारणीने मला नंतर सांगितलं. तू पुन्हा विचारलं नाहीस, आणि मीही वखारीचं नाव काढलं नाही.