फिलोमेनआजींचा साफ केलेला आवाज

दोन हजार आठ साली ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात आम्ही विद्यार्थी इतके उतरलो होतो की भाड्याच्या घरात माणसं सात आणि गाद्या चार. शेजारी फिलोमेनआजी राहायच्या. मूळच्या मध्य आफ्रिकेतल्या, भाषा ग्बाया. निर्वासितांच्या छावणीतून इथे आलेल्या आणि आता एका लाँड्रीत चादरी इस्त्री करायच्या. बस धड नाही, म्हणून माझ्या खटाऱ्यातून मी त्यांना कामावर सोडायचो. आमचं पातळ वरण पाहून त्या काळजीने विचारत, "माय सन, आजारी कोण आहे?"

गावात त्यांच्याशी ग्बाया बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. नात एस्थर आठ वर्षांची, ती इंग्लिशमध्येच उत्तर द्यायची.

"माझ्यामागे हिला कोण सांगणार? तू कंप्युटरवाला ना? माझं बोलणं ठेव."

मी पुण्याचा इंजिनिअर. आधी तक्ता केला! दोनशे बारा शब्द, क्रमवार. रविवारी दुपारी आजींच्या स्वयंपाकघरात माइक लावला. पाणी, आग, मीठ. आठ पायांच्या कोळ्यापाशी आजी हसल्या.

"हा फार लबाड! त्याची गोष्ट आहे. पण आमच्यात गोष्ट दिवसाढवळ्या सांगत नाहीत. संध्याकाळी ये."

"संध्याकाळी शिफ्ट असते, आजी. पुढचा शब्द?"

असे चार रविवार गेले. जूनमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, एकदा पाचलाच अंधारलं आणि आजींनी न विचारता गोष्ट सुरू केली. मध्येच गायच्या, थांबून माझ्याकडे बघायच्या. ऐकणाऱ्याने पुढची ओळ म्हणायची असते म्हणे. मी घड्याळ बघत होतो.

मग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी रेकॉर्डिंग 'साफ' केलं. खोकला, किटलीची शिट्टी, ती गोष्ट, सगळं कापलं. लॅपटॉप भरला होता, म्हणून मूळ फाइलही उडवली. सीडी मात्र झकास झाली.

पुढच्या वर्षी आजींना झटका आला आणि वाचा गेली. एस्थर सीडी घेऊन आमच्या दारात आली.

"ती गाते तो भाग कुठाय?"

"कापला."

"व्हाय?"

"सॉरी," एवढंच म्हटलं.

"नो वरीज," ती म्हणाली. आमच्याच पायरीवर बसून तिने माझ्या लॅपटॉपवर सीडी लावली आणि एकेक शब्द आजीच्या मागून म्हणू लागली. दोनशे बारा शब्द संपायला वेळ लागला नाही.